पिट्सबर्ग : औद्योगिक नगराचे पुनरुज्जीवन

एखाद्या प्रमुख उद्योगाच्या आधारावर वाढलेल्या नगरातून तो उद्योग नाहीसा झाला, म्हणजे तेथील रोजगार, लोकवस्ती, जमीन व सार्वजनिक जीवन सावरण्यासाठी जे उपाय योजले जातात, त्यांना औद्योगिक नगराचे पुनरुज्जीवन असे म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यूरोप व उत्तर अमेरिकेतील कोळसा, पोलाद, कापड व जहाजबांधणी या उद्योगांच्या अनेक केंद्रांपुढे हा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या नैर्ऋत्य भागातील पिट्सबर्ग हे पोलादाचे नगर या संदर्भात विशेष अभ्यासले जाते. सु. ऐंशी वर्षांच्या अवधीत तेथे पुनरुज्जीवनाच्या बहुतेक सर्व कल्पना एकामागून एक आजमावल्या गेल्या. त्यांतील काही सफल झाल्या, काही फसल्या आणि काहींचे लाभ एका वर्गाला व त्यांची किंमत दुसऱ्या वर्गाला, अशी विभागणी झाली.

औद्योगिक उदय : ॲलिगेनी व मनाँगहेला या नद्यांच्या संगमातून ओहायओ नदीचा उगम होतो. या संगमावरील फ्रेंचांचा किल्ला १७५८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला आणि विल्यम पिट या ब्रिटिश मुत्सद्द्याच्या नावावरून वसाहतीस पिट्सबर्ग हे नाव मिळाले. नद्यांतून सुलभ जलवाहतूक, भोवतालच्या टेकड्यांत दगडी कोळशाचा जाड व सलग थर आणि कॉनेल्सव्हिल भागात उत्तम कोक, हे या स्थळाचे नैसर्गिक लाभ होते. सुपीरिअर सरोवराच्या परिसरातील लोहखनिज जलमार्गाने व लोहमार्गाने येथे येऊ लागले. अँड्रू कार्नेगी याने १८७५ मध्ये ब्रॅडक येथे बेसेमर पद्धतीचा पोलाद कारखाना सुरू केला आणि १८८३ मध्ये होमस्टेड येथील कारखाना विकत घेतला. १९०१ मध्ये या व इतर कारखान्यांच्या एकत्रीकरणातून ‘युनायटेड स्टेट्स स्टील’ ही प्रचंड कंपनी स्थापन झाली. वेस्टिंगहाउसची विद्युत् यंत्रे, ॲल्युमिनियम, काच व हाइन्झ कंपनीचे डबाबंद खाद्यपदार्थ यांमुळे नगराची आर्थिक बैठक काहीशी रुंदावली. तथापि तिचा कणा पोलाद हाच राहिला.

या समृद्धीमागे कष्टाचा व संघर्षाचा इतिहास आहे. १८९२ मधील होमस्टेडच्या संपात कामगार आणि कंपनीने आणलेले खासगी सशस्त्र पहारेकरी यांच्यात चकमक होऊन दोन्ही बाजूंची माणसे मारली गेली व कामगारांची संघटना मोडली गेली. १९३७ मध्ये युनायटेड स्टेट्स स्टीलने कामगार संघटनेस मान्यता दिली. पुढील चार दशकांत संघटित पोलाद कामगारास चांगले वेतन, निवृत्तिवेतन व स्वतःचे घर लाभले. १९८० नंतर नेमके हेच स्थैर्य नष्ट झाले. म्हणून पिट्सबर्गच्या ऱ्हासाचा विचार केवळ उत्पादनाच्या आकड्यांत करता येत नाही.

या प्रदेशाची प्रशासकीय रचनाही ध्यानात घेणे आवश्यक आहे. जोन्स अँड लॉफ्लिन कंपनीचे मोठे कारखाने नगराच्या हद्दीत असले, तरी ब्रॅडक, होमस्टेड, डुकेन, क्लेर्टन इ. गावे स्वतंत्र नगरपालिका असून प्रत्येकीचे उत्पन्न मुख्यत्वे आपापल्या कारखान्याच्या करावर अवलंबून होते. ॲलिगेनी परगण्यात अशा लहानमोठ्या १३० स्थानिक संस्था आहेत. कारखाना बंद पडताच नोकऱ्यांबरोबर गावाची शाळा, पोलीस व रस्तेदुरुस्ती यांसाठी लागणारा पैसाही आटत असे.

पहिले पुनरुत्थान : पिट्सबर्गच्या सुधारणेची पहिली लाट उद्योग भरात असतानाच आली. धुरामुळे भर दुपारी रस्त्यांवरील दिवे लावावे लागत. १९३६ च्या मार्च महिन्यातील महापुराने व्यापारी पेठ पाण्याखाली गेली होती. मोठ्या कंपन्या आपली मुख्य कार्यालये अन्यत्र हलवतील, अशी भीती निर्माण झाली. रिपब्लिकन पक्षाकडे कल असलेला बँकर रिचर्ड किंग मेलन आणि डेमोक्रॅटिक पक्षाचा, १९४६ ते १९५९ या काळातील महापौर डेव्हिड लॉरेन्स यांनी पक्षभेद बाजूस ठेवून सहकार्य केले. उद्योगपतींनी स्थापन केलेल्या ‘ॲलिगेनी कॉन्फरन्स’ या संस्थेने योजना आखल्या आणि १९४६ मध्ये स्थापन झालेल्या नगर पुनर्विकास प्राधिकरणाने भूसंपादनाचे अधिकार वापरून त्या अंमलात आणल्या.

धूरनियंत्रणाचा नियम १९४१ मध्ये झाला होता. परंतु युद्धामुळे त्याची अंमलबजावणी कारखान्यांच्या बाबतीत १९४६ पासून व घरांच्या बाबतीत १९४७ पासून सुरू झाली. कोळशाऐवजी नैसर्गिक वायू व रेल्वेत डीझेल एंजिने आल्यामुळे आकाश स्वच्छ होऊ लागले. जवळच्या डनोरा गावी १९४८ मध्ये विषारी धुक्याने वीस माणसे दगावली; त्या घटनेने या प्रश्नाचे गांभीर्य देशभर पटले. नद्यांच्या वरच्या भागांत धरणे बांधून पुरास आळा घातला गेला. संगमावरील गोदामे व लोहमार्गाची आवारे हटवून तेथे उद्यान निर्माण करण्यात आले. त्यातील कारंजे १९७४ मध्ये पुरे झाले. उद्यानालगत कार्यालयांच्या नव्या इमारती उभ्या राहिल्या.

याच कार्यक्रमाचा दुसरा भाग क्लेशदायक ठरला. ‘लोअर हिल’ ही प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची, दाट वस्तीची व संगीतासाठी प्रसिद्ध असलेली पेठ ‘जीर्ण’ ठरवून १९५६ पासून पाडण्यात आली. सु. ३८ हे. जमीन मोकळी करताना आठ हजारांच्या आसपास रहिवासी व शेकडो लहान व्यावसायिक विस्थापित झाले. त्या जागी १९६१ मध्ये सरकत्या छताचे एक भव्य क्रीडागार उभे राहिले व उरलेला बराच भाग मोटारी उभ्या करण्यासाठी वापरला गेला. हे क्रीडागार २०१० मध्ये बंद झाले व पुढे पाडण्यात आले. ईस्ट लिबर्टी या भरभराटीच्या उपबाजारपेठेभोवती १९६० च्या दशकात वळणरस्ता काढून तिचा मध्यभाग पादचाऱ्यांसाठी राखण्यात आला. परिणामी गिऱ्हाईक तुटले व बाजारपेठ उजाड झाली. संपूर्ण वस्त्या पाडून नगर सुधारते, या कल्पनेच्या मर्यादा या दोन उदाहरणांतून स्पष्ट झाल्या.

तिच्या विरोधात जतनाची कल्पना पुढे आली. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या पिट्सबर्ग इतिहास व वास्तू प्रतिष्ठानाने जुन्या पेठांतील घरे रहिवाशांना न हलवता दुरुस्त करण्यावर भर दिला. मनाँगहेलाच्या काठावरील जुन्या रेल्वे स्थानकाचे दुकाने, उपाहारगृहे व कार्यालये असलेल्या केंद्रात रूपांतर करण्याचा प्रकल्पही या संस्थेने १९७६ मध्ये हाती घेतला.

पोलाद उद्योगाचा कोसळ : नगराची लोकसंख्या १९५० मध्ये सु. ६,७७,००० होती, ती १९८० मध्ये सु. ४,२४,००० वर आली. प्रारंभीची घट बरीचशी उपनगरांकडे झालेल्या स्थलांतरामुळे होती; परंतु पोलाद उद्योगही आतून पोखरला जात होता. १९५९ च्या ११६ दिवसांच्या संपकाळात परदेशी पोलादाने अमेरिकन बाजारात पाय रोवला. जपान व पश्चिम यूरोप येथे ऑक्सिजन-भट्ट्यांचे नवे कारखाने उभे राहत असताना मनाँगहेला खोऱ्यातील अनेक कारखाने जुन्या उघड्या भट्ट्यांवर चालत होते. देशातच मोडीतील लोखंड विद्युत् भट्टीत वितळविणारे लहान कारखाने स्वस्त माल देऊ लागले. समुद्रकिनाऱ्यापासून व मोटार उद्योगाच्या केंद्रांपासूनचे अंतर, व्यवस्थापन व संघटना यांतील ताठर संबंध, १९८१–८२ ची मंदी आणि डॉलरचा चढा भाव ही आणखी कारणे होत. युनायटेड स्टेट्स स्टीलने १९८२ मध्ये मॅरेथॉन ही तेल कंपनी विकत घेतली. जुन्या कारखान्यांच्या आधुनिकीकरणासाठी पैसा नाही असे सांगणारी कंपनी अन्य व्यवसायांत भांडवल गुंतवते, ही बाब कामगारांच्या मनात कायमची सलत राहिली.

१९८३ च्या आरंभी महानगर क्षेत्रातील बेकारी १७ टक्क्यांच्या वर गेली. डुकेनचा कारखाना १९८४ मध्ये व होमस्टेडचा १९८६ मध्ये बंद झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सु. १५,००० माणसांना काम देणारे होमस्टेडचे आवार ओस पडले. १९८० च्या दशकात या प्रदेशातील एक लाखाहून अधिक कारखानी नोकऱ्या नाहीशा झाल्या. तरुण मंडळी दक्षिणेकडील व पश्चिमेकडील राज्यांत निघून गेली. मागे राहिलेल्या लोकसंख्येत वृद्धांचे प्रमाण वाढले. जी पिढी गेली, तिच्याबरोबर तिची भावी मुलेही गेली. म्हणून पुढील तीन दशके रोजगार सावरल्यानंतरही लोकसंख्या घटतच राहिली.

कामगारांच्या कल्पना : ऱ्हासाला उत्तर देण्याचे पहिले प्रयत्न कामगारांकडून झाले. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या मनाँगहेला खोरे बेकार समितीने कर्जाचे हप्ते थकलेल्या घरांचे लिलाव थांबविण्याची मागणी केली. १९८३ च्या जानेवारीत परगण्याच्या शेरीफने असे लिलाव पुकारण्यास नकार दिला व न्यायालयानेही काही काळ स्थगिती दिली. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया राज्याने, आपला दोष नसताना रोजगार गमावलेल्या घरमालकांना तात्पुरते कर्जसाहाय्य देणारा कायदा केला. या उपायाने कारखाना परत आला नाही. परंतु असंख्य कुटुंबांच्या डोक्यावरील छप्पर टिकले आणि पेठा ओसाड होण्याचा वेग मंदावला. पुनरुज्जीवनाच्या चर्चेत हा साधा उपाय बहुधा दुर्लक्षिला जातो.

दुसरी कल्पना कारखानाच वाचविण्याची होती. डुकेन येथील ‘डोरोथी सिक्स’ ही १९६३ मध्ये बांधलेली झोतभट्टी तुलनेने नवी होती. ती कामगारांच्या किंवा सार्वजनिक मालकीखाली चालवावी, यासाठी कामगार संघटना, चर्चमधील कार्यकर्ते व स्थानिक संस्था यांनी मोहीम उभारली. हिवाळ्यात भट्टी गोठून निकामी होऊ नये म्हणून कामगारांनी तिची देखभालही केली. पण आवश्यक भांडवल उभे राहिले नाही व १९८८ मध्ये ती पाडण्यात आली. या मोहिमेतून १९८६ मध्ये ‘स्टील व्हॅली ऑथॉरिटी’ ही संस्था जन्मली. बंद पडणारा कारखाना लोकहितार्थ संपादन करण्याचा अधिकार असलेली अशी संस्था ही एक नवी कल्पना होती. मोठे पोलाद कारखाने तिला वाचविता आले नाहीत. पुढे लहान व मध्यम कारखान्यांना संकटातून सावरण्याच्या कामाकडे ती वळली.

विद्यापीठे व रुग्णालये : नव्या अर्थव्यवस्थेचा पाया पोलादाच्या संपत्तीतूनच घातला गेला होता. कार्नेगीने १९०० मध्ये स्थापन केलेल्या तंत्रशाळा व मेलन कुटुंबाची संशोधन संस्था यांच्या एकत्रीकरणातून १९६७ मध्ये कार्नेगी-मेलन विद्यापीठ बनले. पिट्सबर्ग विद्यापीठात जोनास सॉल्क याने सिद्ध केलेल्या पोलिओ लसीचे यश १९५५ मध्ये जाहीर झाले होते. कार्नेगी-मेलन येथे १९७९ मध्ये यंत्रमानवशास्त्राची संस्था व १९८४ मध्ये संरक्षण खात्याच्या साहाय्याने संगणक-प्रणालींची संस्था सुरू झाली. १९८१ मध्ये टॉमस स्टार्झल हा शल्यचिकित्सक पिट्सबर्ग येथे आल्यानंतर हे नगर अवयव प्रतिरोपणाचे जगातील अग्रगण्य केंद्र झाले. अभियंते व डॉक्टर म्हणून आलेल्या भारतीयांची वस्तीही वाढली. पेन हिल्स या उपनगरात त्यांनी १९७० च्या दशकात उभारलेले श्रीवेंकटेश्वर मंदिर हे अमेरिकेतील आरंभीच्या मोठ्या हिंदू मंदिरांपैकी एक होय.

१९७७ पासून १९८८ पर्यंत महापौर असलेल्या रिचर्ड कॅलिग्युरी याच्या कारकीर्दीत मध्यवर्ती पेठेत उत्तुंग इमारतींचे दुसरे पर्व सुरू झाले. १९८५ मध्ये भुयारी विद्युत् रेल्वे धावू लागली. त्याच वर्षी नगर, परगणा व दोन्ही विद्यापीठे यांनी मिळून ‘स्ट्रॅटेजी २१’ हा कार्यक्रम राज्य शासनास सादर केला. विमानतळाचा विस्तार, बंद कारखान्यांच्या जमिनींचा विकास व उच्च तंत्रविद्येस साहाय्य ही त्याची मुख्य अंगे होती. विद्यापीठातील संशोधनास उद्योगाची जोड देण्यासाठी राज्यानेही ‘बेन फ्रँकलिन’ योजना सुरू केली होती.

या धोरणाचे फळ मिळण्यास वीस-पंचवीस वर्षे लागली. २००८ मध्ये युनायटेड स्टेट्स स्टीलच्या ६४ मजली मनोऱ्यावर पिट्सबर्ग विद्यापीठ वैद्यकीय केंद्राचे नाव झळकले. हे केंद्र आता या प्रदेशातील सर्वांत मोठा रोजगारदाता आहे. बिस्किटांच्या एका जुन्या कारखान्यात २०१० मध्ये गूगल कंपनीचे कार्यालय आले. मात्र नव्या उद्योगांतही अस्थैर्य आहे. २०१६ मध्ये येथे स्वयंचलित मोटारींच्या प्रयोगांना मोठी प्रसिद्धी मिळाली. परंतु त्या क्षेत्रातील आर्गो ही स्थानिक कंपनी २०२२ मध्ये बंद झाली.

रुग्णालये व विद्यापीठे यांच्या मालमत्ता धर्मादाय म्हणून बव्हंशी करमुक्त असतात. म्हणजे नगराचा सर्वांत मोठा व्यवसाय नगराच्या तिजोरीत तुलनेने थोडी भर घालतो. २००३ मध्ये राज्याने पिट्सबर्गला आर्थिक दृष्ट्या संकटग्रस्त नगरपालिका म्हणून जाहीर केले व हा दर्जा २०१८ पर्यंत कायम राहिला. २०१३ मध्ये नगराने वैद्यकीय केंद्राच्या करमुक्ततेस न्यायालयात आव्हान दिले. पुढील वर्षी तो दावा मागे घेण्यात आला. मूळ प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

जमिनींचा पुनर्वापर : नदीकाठची सपाट जमीन ही या डोंगराळ नगरातील दुर्मिळ वस्तू होती व ती सारी कारखान्यांनी व्यापली होती. कारखाने गेले तेव्हा दूषित माती, जाडजूड पाये व कायदेशीर जबाबदारीची भीती यांमुळे खासगी खरेदीदार पुढे येईनात. अशा वेळी पुनर्विकास प्राधिकरणाने जमीन स्वतः घेऊन, स्वच्छ करून, रस्ते घालून टप्प्याटप्प्याने देण्याचे धोरण स्वीकारले. जोन्स अँड लॉफ्लिनच्या उत्तर काठावरील जागेत संशोधन संस्थांचे तंत्रविद्या केंद्र व दक्षिण काठावरील जागेत घरे, कार्यालये व दुकाने यांचा मिश्र विकास झाला. १९९५ च्या राज्य कायद्याने, ठरावीक प्रमाणकांनुसार जमीन स्वच्छ करणाऱ्यास पुढील दायित्वातून मुक्तता दिली. त्यामुळे या कामास गती आली. धातुमळीच्या सु. ९५ हे. ढिगाऱ्याचा काही भाग निवासी वसाहतीसाठी व काही फ्रिक उद्यानाच्या विस्तारासाठी उपयोगात आणला गेला आणि त्याच्या पायथ्याशी वाहणारा नाईन माइल रन हा ओढा २००६ पर्यंत पुनःस्थापित करण्यात आला.

या जमिनींच्या दोन टोकांच्या उदाहरणांची तुलना उद्‌बोधक आहे. होमस्टेड येथे १९९९ मध्ये मोठे विक्री-संकुल उघडले. कारखान्याची बारा विटांची धुराडी तेवढी स्मारक म्हणून राखली गेली. कर व काही रोजगार त्वरित मिळाले. पण ते रोजगार कमी वेतनाचे होते आणि होमस्टेडच्या जुन्या मुख्य रस्त्यावरील दुकानांना त्याचा विशेष लाभ झाला नाही. हेझलवुड येथील कोक कारखाना १९९८ मध्ये बंद झाल्यावर सु. ७२ हे. जमीन २००२ मध्ये काही स्थानिक धर्मादाय प्रतिष्ठानांनी एकत्र येऊन खरेदी केली. त्वरित नफ्याची निकड नसल्याने त्यांना वाट पाहता आली. २०१९ मध्ये तेथील एका जुन्या गिरणीच्या सांगाड्यात यंत्रमानव व प्रगत उत्पादनतंत्र यांची संशोधन केंद्रे सुरू झाली. भोवतालच्या पेठेतील रहिवाशांना या संशोधनातून कोणते काम मिळणार, हा प्रश्न मात्र तेथेही विचारला जातो.

संस्कृती व सार्वजनिक सोयी : १९८४ मध्ये स्थापन झालेल्या पिट्सबर्ग सांस्कृतिक न्यासाने मध्यवर्ती पेठेतील बदनाम झालेल्या रस्त्यांवरील जुनी नाट्यगृहे दुरुस्त करून तेथे रंगभूमीचा परिसर निर्माण केला. अँडी वॉरहॉल या पिट्सबर्गमध्ये जन्मलेल्या चित्रकाराचे संग्रहालय १९९४ मध्ये उघडले. ग्रंथालये, उद्याने व संग्रहालये यांचा उपयोग उपनगरांतील लोकही करीत, परंतु खर्च बव्हंशी नगरास सोसावा लागे. यावर उपाय म्हणून १९९४ पासून संपूर्ण परगण्यात एक टक्का जादा विक्रीकर बसविण्यात आला. त्यातील निम्मी रक्कम अशा सामायिक संस्थांना व उरलेली परगणा व नगरपालिकांना समभागात मिळते. एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या स्थानिक संस्थांना एका आर्थिक सूत्रात आणणारी ही व्यवस्था पिट्सबर्गच्या सर्वांत टिकाऊ कल्पनांपैकी मानली जाते. नदीकाठी पायवाटा व सायकलमार्ग तयार झाले. मेरिलंड राज्यातील कंबरलंडपर्यंतचा सु. २४० कि. मी. लांबीचा मार्ग २०१३ मध्ये पूर्ण झाला. होमस्टेडसमोरील कॅरी झोतभट्ट्यांना २००६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला.

शिक्षणाच्या बाबतीत ‘पिट्सबर्ग प्रॉमिस’ ही शिष्यवृत्ती योजना उल्लेखनीय आहे. नगरातील सार्वजनिक शाळांतून उत्तीर्ण होणाऱ्या पात्र विद्यार्थ्यांना २००८ पासून पुढील शिक्षणासाठी साहाय्य मिळू लागले. कुटुंबांनी नगर सोडून जाऊ नये, हाही तिचा एक हेतू होता.

मूल्यमापन : २००९ च्या सप्टेंबरमध्ये वीस प्रमुख राष्ट्रगटाची परिषद पिट्सबर्ग येथे भरली आणि नगराचे रूपांतर जगापुढे आदर्श म्हणून मांडले गेले. १९५० पासून सतत घटणारी लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत सु. ३,०३,००० आढळली; २०१० च्या तुलनेत ती जवळजवळ स्थिर होती. हवा व नद्या पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वच्छ आहेत. एकाच उद्योगावरील अवलंबित्व संपले आहे.

या यशाची कारणे शोधताना तीन गोष्टी प्रामुख्याने आढळतात. पहिली, उद्योग भरात असताना निर्माण झालेली विद्यापीठे, ग्रंथालये व धर्मादाय प्रतिष्ठाने उद्योग गेल्यावरही जागेवरच राहिली. कारखाना हलविता येतो, तशी विद्यापीठे सहसा हलत नाहीत. दुसरी, सार्वजनिक प्राधिकरणाजवळ जमीन घेण्याचे अधिकार व वाट पाहण्याचे बळ होते. तिसरी, पक्ष, उद्योग व शिक्षणसंस्था यांच्यात एकत्र बसण्याची सवय १९४० च्या दशकापासून रुजली होती. यांपैकी कोणतीही गोष्ट संकट कोसळल्यावर अल्पावधीत निर्माण करता येण्यासारखी नाही. म्हणून पिट्सबर्गचे अनुकरण करू इच्छिणाऱ्या नगरांना काचेच्या इमारती किंवा संग्रहालये यांचे अनुकरण सोपे जाते, पण त्यांमागील बैठकीचे अनुकरण कठीण जाते.

नगराचे पुनरुज्जीवन व नगरवासीयांचे पुनर्वसन या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत. संशोधनाच्या नोकऱ्या मिळविण्यासाठी पन्नाशीतल्या भट्टी-कामगाराजवळ पदवी नव्हती; त्याच्या वाट्याला आलेले पहारेकऱ्याचे किंवा दुकानातील काम त्याच्या जुन्या वेतनाच्या जवळपासही नव्हते. नवे कर्मचारी बहुधा नव्या पिढीतील किंवा बाहेरून आलेले होते. कृष्णवर्णीय रहिवाशांना पोलादाच्या भरभराटीत दुय्यम कामे मिळाली, लोअर हिलच्या पाडकामात घरे गमवावी लागली व नव्या अर्थव्यवस्थेतही त्यांचा वाटा तोकडाच राहिला.

ही विषमता मनाँगहेला खोऱ्यात सर्वांत ठळकपणे दिसते. ब्रॅडकची लोकसंख्या १९२० मध्ये २०,८७९ होती. २०२० मध्ये ती १,७२१ होती. ज्या वैद्यकीय केंद्रामुळे नगर सावरले, त्यानेच २०१० मध्ये ब्रॅडकचे रुग्णालय बंद केले. कार्नेगीने १८७५ मध्ये सुरू केलेला तेथील कारखाना मात्र अद्याप चालू आहे. त्याची मालक कंपनी युनायटेड स्टेट्स स्टील २०२५ च्या जूनमध्ये जपानच्या निप्पॉन स्टीलच्या ताब्यात गेली आणि नव्या मालकाने गुंतवणुकीची आश्वासने दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्लेर्टन येथील कोक कारखान्यात स्फोट होऊन दोन कामगार मरण पावले. पिट्सबर्ग पोलादानंतरच्या युगात आले असे म्हटले जात असले, तरी काही मैलांवर पोलादाचे काम, त्यातून मिळणारी भाकरी व त्यातील धोका ही तिन्ही अजून शिल्लक आहेत.